सुपडूनानांना जामीन राहायचं होतं

माझी बायको म्हणते, मी भाजीवाल्याकडे बघतानासुद्धा तो थकबाकीदार असल्यासारखा बघतो. असेल. सोसायटीचा सचिव म्हणून उभं आयुष्य काढलं की नजर सरळ राहत नाही. आता निवृत्त होऊन जळगावात मेहरूणला मुलाकडे राहतो. सकाळी तलावावर फिरायला गेलो आणि कुणी अनोळखी गृहस्थ हसून 'नमस्कार' म्हणाले, तर मी नमस्कार करतो, पण मनात येतंच, याचं काय काम अडलं असेल? मुलगा म्हणतो, बाबा, लोक नुसते चांगलेही असतात. असतील बाबा. आमच्याकडे ते अर्ज घेऊन यायचे, त्यामुळे मला तशी सवय नाही.

ज्यांचा शेतीशी संबंध सातबाऱ्यावरच्या नावापुरता उरला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गावागावात एक विविध कार्यकारी सोसायटी असते. बँक सोसायटीला पैसे देते, सोसायटी सभासद शेतकऱ्याला पीककर्ज देते, आणि दोघांच्या मध्ये सचिव नावाचा एक माणूस सगळ्यांच्या शिव्या खायला ठेवलेला असतो. बँकेला वाटतं, हा गावाला मिळालेला आहे. गावाला वाटतं, हा बँकेला मिळालेला आहे. घरी वाटतं, हा कुणाला तरी नक्की मिळालेला आहे, नाहीतर इतका उशीर कशाला होतो?

माझी सोसायटी साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे. कांद्याचं गाव. मका आणि कपाशीही असायची, पण गावाचा जीव कांद्यात. भाव असला की माल नसायचा आणि माल असला की भाव नसायचा. बियाण्याच्या पाकिटावर एक नाव आणि उगवून भलतंच काही, हेही दर दोन-चार वर्षांनी. वीज रात्रीची. मजूर मिळेल त्या दिवशी पाऊस. आणि या सगळ्यावर कहर म्हणजे कर्जमाफीची कुजबुज. कुजबुज सुरू झाली की वेळेवर भरणारा माणूससुद्धा भरायचा थांबे, आणि ज्याने आधीच भरलं असेल तो माझ्याकडे अशा नजरेने बघे की जणू मी त्याला फसवून भरायला लावलं.

अशा ठिकाणी साधं राहून चालत नाही. एकदा पीक पाहणीला गेलो, तर एका सभासदाने आपला कांदा दाखवला. हिरवागार, बघत राहावा असा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने आपला दाखवला, तोही तसाच. तिसऱ्याने मला नाल्याच्या अंगाने, बाभळीतून वाट काढत नेलं आणि आपला कांदा दाखवला. मला बांधावरची फुटकी पांढरी कुंडी ओळखीची वाटली. तिघांनी मिळून एकाच चौथ्याचा कांदा मला तीन वाटांनी दाखवला होता! तो चौथा सभासदच नव्हता. मी चहा पिऊन आलो आणि तिघांचे अर्ज बाजूला ठेवले. पुढे मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची पद्धत आली. तेव्हा साहेब लोक म्हणाले, आता लबाडी संपली. मी म्हटलं, आता वावरापर्यंत चालत जायचा त्रास संपला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट जामिनाची.

पीककर्जाला जामीनदार लागतो. तोही सोसायटीचाच सभासद. कर्ज घेणाऱ्याने नाही भरलं तर त्याच्या मानेवर. त्यामुळे जामीन राहायचं म्हटलं की गावातल्या माणसांना अचानक कामं आठवतात. सख्खा मेहुणा सासरवाडीला निघून जातो. इतका जीव लावणारा मित्र, त्याचा अंगठा नेमका त्याच दिवशी कापतो. सगळ्या नोकरीत आपण होऊन जामीन राहायला आलेला एकही माणूस मी पाहिला नव्हता.

अपवाद दोन. सुपडूनाना आणि दगडूआबा.

हे दोघे चुलतभाऊ. वावरं शेजारी, मध्ये बांध, बांधावर सामाईक विहीर. त्या विहिरीच्या पाळीवरून केव्हातरी बिनसलं होतं. एक म्हणे, माझ्या पाळीला याने मोटार चालवली. दुसरा म्हणे, यानेच माझी बंद केली. मी त्या गावात हजर झालो त्याच्या कितीतरी आधीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. लग्नकार्यात एक पंगतीत बसला की दुसरा उठायचा. आणि तरी दरवर्षी नानांच्या कर्जाला आबा जामीन आणि आबांच्या कर्जाला नाना. दोघेही न बोलावता यायचे. एक सकाळी, एक दुपारी. सही करायचे, कागद उलटसुलट बघायचे, आणि जायचे.

मला पहिल्याच वर्षी वास आला. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकमेकांसाठी मान कशाला पुढे करतील? हे भांडण दाखवायचं आहे, आतून दोघे एक आहेत, आणि मिळून सोसायटीला टोपी घालणार आहेत, असं माझं ठाम मत झालं. मी पाळत ठेवली. कधी संध्याकाळी मुद्दाम त्या बाजूने मोटरसायकल घातली. आणि सापडलं! सुपडूनाना आबांच्या कांद्यात वाफ्यावाफ्यातून हिंडत होते. पात उचलून मूळ बघत होते. म्हणजे जमीन आबांच्या नावावर आणि कसतात नाना. बेनामी! मी गाडी लावली आणि थेट विचारलं, "नाना, दुसऱ्याच्या वावरात काय चाललंय?"

नाना दचकलेसुद्धा नाहीत. "जामीन शे मी त्याना," ते म्हणाले. "जामीनना हक्क ऱ्हास वावरमां पाय ठेवाना. उद्या हाऊ कांदा सडी गया ते भरानं कोले? माले. मंग मी रोज दखसू नही का?"

"पण मग जामीन राहताच कशाला? भरवसा नाही ना त्यांच्यावर?"

"नहीच शे. म्हणीसन ते ऱ्हास. दुसरा कोन त्यानावर नजर ठेवी?"

आबांना विचारलं, तर उत्तर शब्दाला शब्द तेच. तेही रोज सकाळी नानांच्या वावरातून फेरी मारत होते. कायद्यात जामीनदाराला असा काही हक्क नाही. मी तसं सांगूनही पाहिलं. दोघांनीही, वेगवेगळ्या वेळी, माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि म्हटलं, "सेक्रेटरी भाऊ, तुम्हले कोनी सांगं हाई?"

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. आबांच्या कांद्यावर मावा पडला की पहिल्यांदा नानांना दिसायचा. नाना बोलायचे नाहीत. पिवळी पात उपटून आबांच्या झोपडीच्या दाराशी टाकून जायचे. नानांच्या ठिबकची नळी उंदराने कुरतडली की आबा तिथे एक काठी रोवून ठेवायचे. दोघांच्या मते ही हेरगिरी होती. मला मात्र त्या दोन वावरांच्या कर्जाची कधी चिंता करावी लागली नाही, आणि माझ्या नोकरीत अशी वाक्यं फार लिहिता येत नाहीत.

मग बँकेचं परिपत्रक आलं. मोबाइलवरच आलं. परस्पर जामीन यापुढे चालणार नाहीत. अ हा ब ला जामीन असेल तर ब हा अ ला राहू शकणार नाही. नियमात चूक काही नव्हती. बऱ्याच गावांत दोघेदोघे मिळून एकमेकांना जामीन राहायचे आणि दोघेही मिळून बुडवायचे. मी स्वतः साहेब असतो तरी असंच परिपत्रक काढलं असतं.

नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "हाई त्यानं काम शे. दगडूनी अर्ज करा व्हई." दुपारी आबा आले. "सुपडूनी साहेबले काहीतरी सांगं. माले माहीत शे." मी दोघांना परिपत्रक वाचून दाखवलं. दोघांनी ऐकून घेतलं आणि दोघांनाही वाटलं, मीच दुसऱ्याला फितूर आहे. दोघांतला एक जामीन राहिला तरी चाललं असतं, पण एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने नाही, हे कोण मान्य करणार? दोघांनीही जामीनदार बदलले. नानांचे व्याही आणि आबांचा भाचा. दोघांनी सह्या केल्या आणि पुन्हा काही वावराचं तोंड पाहिलं नाही.

त्या दिवसापासून बांध ओलांडणं बंद. मी तिकडून जाताना बघायचो. नाना आपल्या बाजूने बांधाच्या कडेकडेने चालायचे, मान पलीकडे. आबा त्यांच्या बाजूने. पाय मात्र कुणी टाकत नव्हतं. हक्क गेला होता ना! मला ते बघून वाईट वाटायचं, पण कुणाजवळ बोलावं असं ते काही नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळी कांदा छान आला होता, पण भाव पडलेला. आबांनी तो विकला नाही. वावरातल्या चाळीत भरला. चाळ म्हणजे बांबूच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची लांबट पडवी. कांद्याला खालून-बाजूने वारा लागतो आणि नीट राखला तर तो दिवाळीच्या तोंडापर्यंत टिकतो. राखायचा म्हणजे सतत बघायचा. एक कांदा सडला की त्याचं पाणी खालच्यावर, आणि मग चाळ बसते. आबांचं अख्खं वर्ष त्या चाळीत होतं.

श्रावणात आबा विहिरीच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन, त्यांची बायको, अक्का, त्यांच्या उशाशी. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. तो आला, उसनवारी करून दवाखान्याचे पैसे भरले आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांना सांगितलं, बाबांचा कांदा विकला की देतो. घराला आणि चाळीला कुलूप. पाऊस मात्र थांबेना.

एका दुपारी सुपडूनाना सोसायटीत आले. बसले नाहीत.

"सेक्रेटरी भाऊ, माले जामीन ऱ्हावानं शे."

मी विचारलं, "कुणाला?"

"दगडूले."

मी खरं सांगतो, माझ्या डोक्यात आधी काय आलं ते. आबा दवाखान्यात, मुलगा सुरतेत, आणि आता हा जामीन राहायला येतो? याला जमीन हवी. विहीर हवी. मी म्हटलं, "नाना, आबांना जामीनदार आहे. आणि मध्येच असं काही बदलता येत नाही."

"त्यानी चाळमां कांदा सडी ऱ्हायना," नाना म्हणाले. "माले बांधवरथीन वास येस. खाले पाणी सुटनं. चिलटं बसी राहिनात. आज-उद्या निवडा नही ते बठ्ठा जाई."

"मग जा आणि निवडा की!"

"कसा जाऊ? मी आते कोन शे त्याना? मी पाय ठेवा ना, ते बठ्ठं गाव म्हनी, भाऊ दवाखानामां आनि सुपडूनी कांदा चोरा. दगडू पहिले म्हनी. माले कागद द्या. जामीनना कागद. मंग मी जास."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. माणूस खोटं बोलतोय का, हे मला साधारण कळतं, निदान पगार तरी त्याचाच घेत होतो. नानांच्या नाकाजवळ घाम आला होता आणि ते सारखे दाराबाहेर आभाळ बघत होते. चोरायला निघालेला माणूस आभाळाकडे बघत नाही.

मी अक्कांना फोन लावला. त्यांनी आबांना दिला. मी कांद्याचं सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "कोनी सांगं तुम्हले?" मला खोटं बोलायचं सुचलं नाही. नाव सांगितलं. "त्याले हात लावू देऊ नका," आबा ओरडले. "सडू द्या बठ्ठा. पन त्याले हात लावू देऊ नका." फोन बंद.

नानांनी ते ऐकलं होतं. आबांचा आवाज तसाही लहान नव्हता. ते एवढंच म्हणाले, "बरोबर शे त्यानं. मी बी असंच म्हनतू."

मजूर शोधले. पाड्यांवरच्या बायका भातलावणीला गेल्या होत्या, पोळ्यापर्यंत कुणी मिळणार नव्हतं. मग मी मुलाला सुरतेला फोन केला. त्याने ऐकलं मात्र आणि रडकुंडीला आला. म्हणाला, काका, बाबांचं ऐकू नका, किल्ली शेजारी आहे, काय करायचं ते करा. पीक सोसायटीकडे तारण होतं, म्हणजे पाहणी करायला मला जाता येत होतं. पाहणीत सगळी चाळ उपसायची, असं मात्र कुठल्या नियमात नव्हतं. पण उपसायची नाही, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. मी चेअरमनना बोलावलं, किल्ली घेतली आणि नानांना म्हटलं, "चला. जामीन कोण म्हणून कुणी विचारलं, तर या कामाला मी जामीन."

नाना म्हणाले, "तुम्हना काय भरोसा? तुम्हनी बदली हुई गयी ते?"

म्हणून चेअरमननाही साक्षीला उभं राहावं लागलं. मी आणि चेअरमन चाळीच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलो, आणि आत नाना, त्यांची बायको आणि सून कांदा निवडायला लागली. दार उघडताच जो वास आला तो अजून आठवतो. वरून चांगला दिसणारा ढीग आतून तापला होता. हात घातला की कोपरापर्यंत चिकट पाणी. चांगला कांदा एकीकडे, डागी दुसरीकडे. भरलेली प्रत्येक पाटी नाना आम्हाला दाखवून मगच ओतत. सडका कांदा लांब नाल्यात फेकून द्या, असं चेअरमन नाकाला रुमाल लावून म्हणाले, तर नाना ऐकेनात. "नही. तो आठेच ऱ्हाई. बांधवर. तो ईसन दखी. नहीतं म्हनी, चांगला सुपडूनी नेला आनि नाव सडकानं करं." तो घाण ढीग त्यांनी स्वतःच्या झोपडीसमोर, बांधाच्या कडेला रचला आणि आबा परत येईपर्यंत त्या वासात राहिले. काम चालू असताना त्यांच्या सुनेने तहानेने आबांच्या टाकीतलं पाणी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तिला ओरडून आपल्या घरून पाणी आणायला लावलं.

निम्म्याहून जास्त कांदा वाचला. पुष्कळ गेलाही.

आबा वॉकर घेऊन परतले. घरी न जाता आधी वावरात गेले, असं मला अक्कांनी नंतर सांगितलं. त्यांनी काठीने तो सडका ढीग उकरून पाहिला. वरून, मधून, तळातून. मग चाळीत गेले. मग रिक्षाने सोसायटीत आले, आणि खुर्चीत बसायला त्यांना फार त्रास झाला.

मी वाट बघत होतो. आता तक्रार येणार. चोरीची, नाहीतर माझ्याविरुद्ध.

"पुढला कर्जले जामीन सुपडू लिखा," आबा म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं की मी लगेच बोलून गेलो, "लिहितो की आबा! एकाने एकाला राहायला काहीच हरकत नाही. फक्त मग तुम्हाला त्यांना जामीन राहता येणार नाही."

आबा थांबले. नियम त्यांना माहीत होता, पण सुपडूचं नाव सांगताना तो बहुतेक डोक्यातून गेला होता. त्यांनी वॉकरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"मंग मी त्याना वावरमां कसा जासू?"

मी म्हटलं, "आबा, असंच जा. भाऊ आहात. बसा, चहा प्या, बोला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी बेकायदेशीर सुचवतोय. मग उठले आणि रिक्षात जाऊन बसले. मला राहवेना, मीही गाडी काढून मागे गेलो. दोघांची जुंपली तर मध्ये कुणीतरी हवं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

आबा बांधापाशी उतरले. नाना मक्यात होते. आबांनी वॉकर उचलून पलीकडे ठेवला, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि उभे राहिले. नानांनी त्यांना पाहिलं. मक्यातून बाहेर आले आणि माझ्यासमोर, इतक्या वर्षांनी, भावाशी बोलले.

"कसाले उना? कोनी धाडं तुले?"

आबांचे ओठ हलले. चहाला आलो, बघायला आलो, असलं काही ते म्हणू शकले असते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"सोसायटीनी धाडं," ते म्हणाले. "पाहणीले."

नानांनी माझ्याकडे वळून पाहिलं. साहजिक आहे. आबांच्या शब्दावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

"सेक्रेटरी भाऊ, खरं शे का हाई?"

सगळ्या नोकरीत मी स्वतः खात्री केल्याशिवाय कशालाच होकार दिला नव्हता.

"हो, नाना," मी म्हटलं. "सोसायटीनंच धाडलंय. त्यांना रोज यावं लागेल."